खंडेनवमीला धुतलेली नळी

मुलगी काय करते, असं कोणी विचारलं की मारुतीराव जगदाळे छाती पुढे काढून सांगत, "गॅसमधून सूत काढते."

ऐकणारा बुचकळ्यात पडे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत निम्मी घरं मिलच्या माणसांची होती, आणि सूत कापसातून निघतं याबद्दल तिथे कोणाच्याच मनात शंका नव्हती. मग मारुतीराव समजावत, "अरे भिया, कापूस नाही, चाती नाही, रिंग फ्रेम नाही. फक्त काचेची एक नळी. एकीकडून गॅस सोडला की आत काळं सूत उभं राहतं. केसापेक्षा हजार पट बारीक. आणि आतून पोकळ!" यातला 'पोकळ' हा शब्द ते अशा थाटात म्हणत की त्यात काहीतरी भलतंच मौल्यवान भरलेलं असावं.

पूर्णिमाला हे ऐकताना लाजही वाटे आणि बरंही वाटे. तिच्या पीएचडीचा विषय इंग्रजीत दोन ओळींचा होता आणि तो म्हणून दाखवला की नातेवाईक चहाकडे वळत. त्यापेक्षा बाबांचं बरं होतं. शिवाय ते फारसं चूकही नव्हतं.

काम होतं ते असं. भट्टीच्या पोटातून आरपार गेलेली क्वार्ट्झची, म्हणजे आगीला न भिणाऱ्या काचेची, लांब नळी. तिच्यात सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा सरकवायचा, आरगॉन सोडून आतली हवा हुसकावून लावायची, भट्टी लालबुंद होऊ द्यायची आणि मग वेल्डिंगवाले वापरतात तो ॲसिटिलीन थोडा थोडा आत सोडायचा. त्या धगीत गॅस फुटतो. हायड्रोजन निघून जातो, कार्बन मागे राहतो. नुसता कार्बन म्हणजे काजळी, तिला कोण विचारतो! पण आत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असले तर कार्बन त्यांच्यात मुरतो, आणि कणाचं पोट भरलं की दुसरीकडून नळीच्या रूपाने बाहेर यायला लागतो. अशा कोट्यवधी नळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या की तुकड्यावर काळी मखमल अंथरल्यासारखी दिसते. ती मखमल ओळखायला पूर्णिमाला सूक्ष्मदर्शक लागत नसे. काजळी करडी दिसते आणि बोटाला लागते. मखमल प्रकाश गिळून गप्प बसते.

प्रयोगशाळा महूच्या रस्त्यावरच्या एका छोट्याशा विज्ञान संस्थेत होती. पूर्णिमाचे गाईड उदयसिंह तोमर, सगळ्यांचे तोमर सर, यांनी दिल्लीकडून तीन वर्षांचा प्रोजेक्ट मिळवला होता. पूर्णिमाच्या आधी रजत नावाचा मुलगा त्या भट्टीवर काम करायचा. तो अमेरिकेला गेला आणि भट्टी पूर्णिमाकडे आली. सुरुवातीच्या दिवसांतच हिच्या हाताला यश आलं. एकदा मखमल आली, पुन्हा आली, मग येतच राहिली. पुण्याहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले तेव्हा तोमर सरांनी साऱ्या संस्थेला पेढे वाटले.

त्याच सुमारास प्रोजेक्टला एक अटेंडंट हवा होता. "कोई भरोसे का आदमी है क्या?" सरांनी विचारलं. पूर्णिमा म्हणून गेली, "सर, मेरे पिताजी."

मिल बंद पडून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. मारुतीराव कताई खात्यात जॉबर होते, म्हणजे मशीन आणि माणसं दोन्हींवर नजर ठेवणारे. मिल सुटल्यावर त्यांनी एका शोरूमची राखण केली, कुणाच्या तरी दुकानात गाठोडी बांधली, मग काहीच केलं नाही. घरात ते खुर्चीतही नीट बसत नसत, कडेला टेकत, कोणी उठवलं तर चटकन उठता यावं असे. पूर्णिमाची आई सुलोचना म्हणायची, "मिलचा भोंगा बंद झाला आणि यांच्या अंगातलं घड्याळच गेलं." प्रयोगशाळेत लागल्यावर ते घड्याळ परत आलं. पहाटे उठून दाढी, इस्त्री केलेला खाकी शर्ट, सायकल. संस्थेत ते मुलीला चारचौघांत 'पूर्णिमाजी' म्हणत. दुपारी कोणी नसलं की डबा उघडून "ये गं, बेटा, जेवून घे" म्हणत.

त्या खाकी शर्टासाठी पूर्णिमाने काहीही केलं असतं.

आणि आता प्रोजेक्टची तीन वर्षं संपत आली होती. डिसेंबरात प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या कमिटीच्या मॅडम स्वतः येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत भट्टी पेटवून मखमल उगवून दाखवायची. पटलं तर पुढची तीन वर्षं. नाही पटलं तर भट्टीवर चादर, पूर्णिमा दुसरीकडे, आणि मारुतीराव पुन्हा खुर्चीच्या कडेला. पूर्णिमाला आपली फारशी काळजी नव्हती. शिकलेल्या माणसाला कुठेतरी जागा होते. बाबांना एकदा फाटकाबाहेर काढलं होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा पाहायची तिची ताकद नव्हती.

ते पहिलं काढणं नेमकं खंडेनवमीच्या तोंडावर झालं होतं.

मिलमध्ये खंडेनवमीचा मान दिवाळीपेक्षा मोठा. आदल्या दिवशी मशिनं थांबवून ती अशी घासूनपुसून काढायची की वर्षाचं तेल, रुवा, मेणचट काळोखी सगळी निघून लोखंडाला लोखंडाचा रंग यावा. मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. लेकराबाळांना त्या दिवशी आत सोडत. पूर्णिमा बाबांच्या खांद्यावर बसून त्यांच्या रिंग फ्रेम बघायला जायची. त्या वर्षी मात्र धुणं झालं आणि पूजेच्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप लागलेलं दिसलं. हळदकुंकवाची पुडी हातात घेऊन मारुतीरावांनी दरवानाला विनवलं, पाच मिनिटं आत जाऊ दे, टिळा लावतो आणि येतो. दरवान त्यांचाच जुना दोस्त होता. त्याने मान खाली घातली आणि सोडलं नाही. शेवटी मारुतीरावांनी फाटकाच्या कडीला कुंकू लावलं आणि पूर्णिमाला घेऊन घरी आले.

मिल का बुडाली हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. जुनाट मशिनं, पॉवरलूमचं कापड, बाहेरून येणारा माल, मालकांचं लक्ष भलतीकडे, हे सगळं ते वर्तमानपत्र वाचून तोंडपाठ सांगत. पण सांगून झालं की हळूच म्हणत, "आणि त्या साली पूजा राहिली." त्यानंतर घरात खंडेनवमीला त्यांनी कधी पान्यालासुद्धा कुंकू लावलं नाही.

यंदा लावलं. दसऱ्याच्या सुट्टीत संस्था बंद होती आणि किल्ली मारुतीरावांकडे होती. सुट्टी संपवून पूर्णिमा आली तेव्हा प्रयोगशाळेचं रूप पालटलं होतं. भट्टीच्या कपाळावर हळदकुंकू, ॲसिटिलीनच्या सिलिंडरच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि वर्षानुवर्षं कोळशासारखी काळी असलेली काचेची नळी अशी लखलखीत की आरपार पलीकडची खिडकी दिसावी.

"बाबा, हे कधी केलं?"

"नवमीला. तुला काय वाटलं, म्हातारा नुसता चहा देत फिरतो?" मारुतीराव हसले. कितीतरी वर्षांनी ते असे दात दाखवून हसले होते.

तोमर सर आले, त्यांनी नळीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "वाह मारुतीरावजी! अब लगती है लॅब। ये लडके-लडकियाँ तो कचरे में रिसर्च कर रहे थे।"

नळी स्वच्छ असली तर प्रयोग अधिक चांगला होणार, यात सरांना, पूर्णिमाला, कोणालाच शंका वाटली नाही. तिने त्याच दिवशी उत्साहाने भट्टी पेटवली. तुकडा बाहेर आला तो करडा.

मग सुरू झाली हैराणी. गॅस खराब असेल म्हणून सिलिंडर बदलला. आरगॉन ओला असेल म्हणून वाटेत सुकवणी लावली. भट्टीचं तापमान खोटं दाखवत असेल म्हणून दुसऱ्या विभागातून मापक आणलं. ॲसिटिलीन कमी केला, वाढवला. तुकड्यांना लोखंडाचं द्रावण ती आधी लावायची तसंच लावत होती, एकदा पातळ करून पाहिलं, एकदा दाट. रोज भट्टी पेटे, टोकाच्या बाटलीतल्या पाण्यात गॅसचे बुडबुडे निघत, पाण्याकडे बघत ती बसून राही, आणि रोज करडा तुकडा बाहेर येई. जी गोष्ट काल डोळे मिटून जमत होती ती आज का जमत नाही, याचं उत्तर जगात कोणाकडेच नाही असं तिला वाटायला लागलं. सर आधी धीर देत होते. नंतर ते नुसते दारातून डोकावून जायला लागले.

"खजराण्याला जाऊन येऊ," सुलोचना म्हणाली. दोघी गेल्या. गणपतीसमोर उभं राहून पूर्णिमाने काय मागितलं हे आईला सांगितलं नाही. कार्बन वाढू दे, असं देवाला सांगायचं तरी कसं?

उत्तर मिळालं ते घरातच, जेवताना. मारुतीरावांचे मिलमधले जोडीदार प्रतापराव आले होते. बाहेरच्या खोलीत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि पूर्णिमा आत ताटावर होती.

"काय सांगू, प्रताप, नळीत मळ म्हणजे किती! आधी सुताचे बोळे काठीला बांधून घासलं. मिलचं जुनं वेस्ट ठेवलंय ना मी घरी, तेच. काजळ निघालं, पण काचेला एक लालसर थर धरून बसला होता, सुटता सुटेना. मग बाथरूमचं तेजाब ओतलं. सर्र झालं बघ! पिवळं-लाल पाणी निघालं, अगदी टाकीतला गंज निघून राहिला तसं."

पूर्णिमाचा घास हातातच राहिला.

गंज म्हणजे लोखंड. रजतने त्याच्या काळात लोखंडाचं एक नारिंगी चूर्ण नळीतच उडवून प्रयोग केले होते. ते चूर्ण संपलं, रजत गेला, पण त्याची वाफ काचेच्या आतल्या अंगाला थरावर थर चिकटून बसली होती. भट्टी तापली की तेच लोखंड थोडं थोडं उडून तुकड्यावर बसत असणार. आपण लावतो त्या द्रावणामुळे मखमल येते, असं ती इतके दिवस समजत होती. मखमल येत होती ती मळामुळे. आणि तो मळ बाबांनी मायेने, निगुतीने, शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढला होता.

तिला रडू यायला हवं होतं, पण आधी हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. "मतलब अपना पूरा रिझल्ट रजत की गंदगी पे खडा था," ते म्हणाले. "ये कमिटी को कैसे बोलेंगे?" नवं चूर्ण मागवायचं तर ते मार्चपर्यंत येणार नव्हतं. हातात उरला होता एकच उपाय, नळीच्या आतून लोखंडाचं द्रावण पुन्हा पुन्हा फिरवायचं, भाजायचं, गॅस सोडायचा, आणि तो मळ नव्याने बसतो का बघायचं.

"और बाबूजी को बोल देना, ट्यूब को हाथ न लगाएँ."

"मी बोलते, सर."

ती बोलणार होती. घरी जाईपर्यंत तिने वाक्यही जुळवून ठेवलं होतं. बाबा ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल देत होते आणि गुणगुणत होते. सायकलच्या हँडलवर कुंकवाचं बोट उठलं होतं. या माणसाला जाऊन सांगायचं, की तुम्ही इतक्या वर्षांनी केलेल्या पूजेनेच आमचं काम बंद पाडलं? पूजा राहिली म्हणून मिल गेली असं मानणाऱ्याला सांगायचं, की पूजा झाली म्हणून प्रयोगशाळा जातेय? मग त्याने पुढे कशावर हात ठेवायचा?

"बाबा," ती म्हणाली, "ते नळीचं आता मीच बघत जाईन. तुम्ही राहू द्या."

मारुतीरावांनी वर पाहिलं. "का गं? माझे गुडघे दुखून राहिले म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

एवढंच. खोटं इतकं लहान होतं की तिला ते बोलल्यासारखंही वाटलं नाही.

पुढचे दिवस तिने नळीशी झुंज घेतली. द्रावण फिरवायचं, सुकवायचं, भाजायचं. काचेला आधी पिवळट डाग पडले, मग तांबूस, मग एक ओबडधोबड काळी साय धरली. तुकडे करडेच येत होते. एके दुपारी एका तुकड्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका प्रकाश गिळून बसलेला दिसला. पूर्णिमाने तो चिमट्यात धरून खिडकीशी नेला, उलटसुलट केला, आणि एकटीच मोठ्याने म्हणाली, "आलीस का गं बाई!" पुढच्या वेळी ठिपका बोराएवढा झाला. मग अर्धा तुकडा. मॅडम यायच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, नळीतून तुकडा बाहेर आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा, मऊ, गप्प. तोमर सरांनी तो पाहिला आणि चष्मा काढून डोळे पुसले. पूर्णिमाने नळीची दोन्ही टोकं बुचांनी बंद केली, बाळाला दुलई घालावी तशी भट्टीवर चादर टाकली.

जाता जाता सर मारुतीरावांना म्हणाले, "मारुतीरावजी, कल दिल्ली से मेहमान हैं। सब चकाचक चाहिए।"

"चिंताच नको, सर!"

त्या रात्री घरात गोडाचा शिरा झाला. "आज मखमल पूर्ण आली, बाबा. उद्या अशीच आली की झालं," पूर्णिमा म्हणाली. मारुतीरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी ठरल्यासारखं होतं. तिला वाटलं, आनंदच आहे.

सकाळी ती सरांच्या जीपमधून मॅडमना आणायला विमानतळावर गेली. मारुतीराव त्याआधीच सायकलवर निघून गेले होते. मॅडम साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, मऊ बोलणाऱ्या होत्या. वाटेत त्यांनी पूर्णिमाला खूप बारीकसारीक विचारलं आणि तिची उत्तरं त्यांना आवडत होती. सर खुशीत सांगत होते, काम झालं की संध्याकाळी मॅडमना सराफ्याच्या खाऊगल्लीत न्यायचं, भुट्ट्याचा कीस खिलवल्याशिवाय इंदूर सोडू द्यायचं नाही.

प्रयोगशाळेच्या पायरीवरच फिनेलचा वास आला. फरशी ओली होती, खिडक्यांच्या काचा पुसलेल्या होत्या, टेबलावर धुतलेली चादर होती. मारुतीराव दाराशी उभे होते, खाकी शर्टाची शेवटची गुंडीही लावलेली. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पूर्णिमाने आधी ती बोटं पाहिली. मग भट्टीकडे पाहिलं.

नळी लखलखत होती. आरपार पलीकडची खिडकी दिसत होती.

"पूर्णिमाजी," मारुतीराव तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, आवाजात लबाड आनंद होता, "तू नको म्हणालीस तरी केलं. पाहुणे येणार आणि ती नळी पुन्हा तशी काळीठिक्कर! तुला वेळ कुठे होता, बेटा? माझ्या गुडघ्यांना काही नाही झालं."

महिनाभराचा मळ, तिने जपून, थापून बसवलेला, संस्थेच्या मोरीतून केव्हाच वाहून गेला होता. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी नळीकडे पाहिलं होतं. त्यांचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांसमोर ते काय बोलणार? "चलो, शुरू करते हैं," ते म्हणाले.

आणि पूर्णिमाने सुरू केलं. दुसरं काय करणार होती? जे होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं ते तिने एकेक पायरी नीट सांभाळून केलं. तुकडा सरकवला. आरगॉन सोडला. बाटलीत बुडबुडे यायला लागले. भट्टी काळ्याची लाल झाली, लालची नारिंगी झाली. मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या. पोहे-जिलेबी आली. मारुतीराव बश्या देता देता थांबले आणि त्यांना राहवलं नाही.

"मॅडमजी, हमारी बेटी है," ते म्हणाले. "गॅस में से सूत निकालती है।"

मॅडम कौतुकाने हसल्या. "बहुत अच्छा कहा आपने."

त्या क्षणी पूर्णिमाच्या मनात आलं, आत्ता, सगळ्यांसमोर, सांगून टाकावं. या नळीत काल लोखंड होतं, आज नाही. विज्ञान म्हणून ते खरं होतं, आणि कदाचित मॅडमना पटलंही असतं. मग मॅडमनी विचारलं असतं, आज का नाही? आणि जिलेबीची बशी हातात धरून बाबा तिथेच उभे होते. तिने ॲसिटिलीनची चावी फिरवली.

भट्टी निवायला वेळ लागतो. सगळे इकडचंतिकडचं बोलत राहिले. शेवटी तिने चिमट्याने तुकडा ओढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. तो करडा होता. मधोमध तर सिलिकॉनची चमकसुद्धा तशीच होती.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. आदल्या दिवशीचा काळा तुकडा सरांनी पुढे केला. त्यांनी तोही पाहिला.

"ये कल का है?"

"जी, मॅडम. कल ही का."

"डॉक्टर तोमर," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता हेच वाईट होतं, "जो दोबारा न हो, उस पर मैं क्या लिखूँ?" त्यांनी पूर्णिमाच्या पाठीवर हात ठेवला, तू मेहनती आहेस म्हणाल्या, आणि परतीचं विमान लवकरचं आहे असं सांगून उठल्या. सराफ्याचं नाव कोणी काढलं नाही. जीप गेली.

मागे प्रयोगशाळेत दोघंच उरली. मारुतीराव बश्या गोळा करत होते. एकात एक ठेवता ठेवता त्यांचे हात मंदावले. जॉबर होते ते. साहेब लोक कशा चेहऱ्याने आले की खातं बंद होतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"नाही आलं ना सूत?"

"नाही, बाबा."

"आता हे बंद होईल?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली. खोटं बोलायचं तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

मारुतीराव स्टुलाच्या कडेला टेकले, चटकन उठता येईल असे. मग म्हणाले, "चूक माझी झाली."

कळलं तर यांना! एकीकडे पूर्णिमाचा जीव घाबरा झाला आणि दुसरीकडे, कबूल करायला हवं, थोडा हलकाही झाला.

"नवमीला धुतलं तेव्हा टिळा लावला होता," मारुतीराव म्हणाले. "आज घाई झाली. नुसतं धुतलं आणि पूजा राहिली. मिलमध्येपण असंच झालं होतं, बेटा. धुणं झालं होतं, पूजा राहिली होती."

ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने त्यांचे ते तेजाबाने सोललेले हात हातात घेतले. आत्ता सांगता आलं असतं. आता गमवायला काही उरलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं की महिन्यापूर्वी जे सांगणं कठीण होतं ते आता अशक्य झालंय. तेव्हा एकदाच धुतलं गेलं होतं. दुसऱ्यांदा धुतलं गेलं ते तिने सांगितलं नाही म्हणून.

"चूक तुमची नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यांना ते पटलं नाही. ते उठले, कोपऱ्यात टांगलेल्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. नवमीचं उरलेलं हळदकुंकू होतं.

"तिथे आत जाऊ दिलं नव्हतं," ते म्हणाले. "इथे कुलूप लागायच्या आधी करून घेऊ. चालेल ना, पूर्णिमाजी?"

पूर्णिमाने भट्टीवरची धूळ नसलेली जागा उगाच पदराने पुसली आणि पुडी उघडून त्यांच्यासमोर धरली. भट्टी अजून कोमट होती. मारुतीरावांनी आधी हळद लावली, मग कुंकू, आणि लखलखीत नळीच्या टोकाला एक बारीक टिपका लावून हात जोडले. पूर्णिमानेही जोडले.